डिटेक्टर मंद का वाटतो? विद्युतरासायनिक प्रवाह-डिटेक्टरच्या प्रतिसादवेगाचे गणित, टप्प्याटप्प्याने

द्रव क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीतून, बाहेर पडताना पदार्थाचे शिखर अरुंद असते. पडद्यावर उमटते तेव्हा मात्र ते पसरट झालेले असते, मागे शेपटी ओढत येते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय सेलवर, म्हणजे द्रव इलेक्ट्रोडवरून वाहतो त्या डिटेक्टरच्या कप्प्यावर, जातो. माझाही गेला होता. मी गॅस्केट बदलली, ग्लासी कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनावर पुन्हा घासला, संदर्भ इलेक्ट्रोडही नवा लावला. चार दिवस गेले आणि शिखर तसेच राहिले. पोटेन्शिओस्टॅटवरची (इलेक्ट्रोडचे विभव स्थिर ठेवून वीज मोजणाऱ्या उपकरणावरची) गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरची कळ त्या सगळ्या काळात एका सेकंदावर होती. कागदावर दहा मिनिटे हिशेब केला असता तर पहिल्याच दिवशी कळले असते, की माझ्या मांडणीत सेलचा वाटा एका सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच आहे. तेव्हापासून मी आधी हिशेब करतो आणि मगच पान्हा हातात घेतो. तो हिशेब कसा करायचा, ते इथे पूर्ण लिहीत आहे.

उदाहरणासाठी पातळ थराचा सेल घेऊ. १९७३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात पीटर किसिंजर आणि राल्फ ॲडम्स यांच्या गटाने द्रव क्रोमॅटोग्राफीला असा डिटेक्टर जोडून दाखवला. मेंदूतील डोपामीनसारखी कॅटेकोलामाइन्स अत्यल्प प्रमाणात मोजणे, ही त्यामागची गरज होती. रचना साधी आहे. दोन ठोकळ्यांमध्ये पातळ गॅस्केट, तिच्यात कापलेली खाच, खाचेच्या तळाशी इलेक्ट्रोड आणि वरून वाहणारा द्रव.

शब्दांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात ‘प्रवाह’ म्हणजे द्रवाचा आणि ‘धारा’ म्हणजे विजेची. दोन्हींना प्रवाह म्हटले की पुढे नक्की घोळ होतो.

आधी साखळी लिहून काढा

नमुना इंजेक्टरपासून संगणकापर्यंत कोणकोणत्या टप्प्यांतून जातो, ते एका ओळीत लिहा: जोडनळी, फिटिंग, सेलमधली पोकळी, इलेक्ट्रोडलगतचा विसरणाचा थर (जिथे रेणू केवळ आपोआप पसरत पुढे सरकतात), दुहेरी थराची धारिता (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी विद्युतभार साठल्यामुळे येणारी), इलेक्ट्रॉनिक फिल्टर आणि शेवटी संगणकाचे नमुने घेण्याचे अंतर. या प्रत्येक टप्प्याला स्वतःचा वेळ लागतो. एकूण वेग ठरवतो तो त्यांतला सर्वांत मंद टप्पा, आणि तो कोणता हे शोधण्यासाठीच हे मॉडेल आहे.

वेग मोजण्यासाठी आपण १० ते ९० टक्के चढाचा वेळ वापरू. संहती एकदम उडी मारून वाढली, तर नोंदलेली धारा अंतिम पातळीच्या १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला जितका वेळ घेते, तो हा वेळ. साध्या फिल्टरसारख्या किंवा नीट ढवळल्या जाणाऱ्या पोकळीसारख्या टप्प्याचा एकच कालांक (बदलाचा सुमारे ६३ टक्के भाग पूर्ण व्हायला लागणारा वेळ) असतो, आणि त्याचा चढाचा वेळ कालांकाच्या २.२ पट येतो. हा २.२ चा आकडा पुढे सारखा लागेल.

मापे घ्या, अंदाज नको

माझ्या उदाहरणातली मापे अशी आहेत. प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मायक्रोलिटर. गॅस्केटची जाडी ५० मायक्रोमीटर, खाचेची रुंदी ५ मिलिमीटर आणि इलेक्ट्रोडचा व्यास ३ मिलिमीटर. जोडनळी २० सेंटिमीटर लांब, आतला व्यास ०.२५ मिलिमीटर. चाचणीचा पदार्थ पोटॅशियम फेरोसायनाइड, ज्याचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे ६५० चौरस मायक्रोमीटर आहे. हे एकक मुद्दाम निवडले आहे, कारण मायक्रोमीटर आणि सेकंद ठेवले की शून्ये मोजत बसावे लागत नाही.

तुमची मापे मात्र तुम्हीच घ्या. नळीची लांबी पट्टीने मोजा, गॅस्केटची जाडी पाकिटावर वाचा, आणि पंपाचा प्रवाह एका मोजपात्रात पाच मिनिटे गोळा करून तपासा.

सेल आणि विसरणाचा थर

इलेक्ट्रोडवरच्या द्रवाचे आकारमान म्हणजे क्षेत्रफळ गुणिले गॅस्केटची जाडी: ७.०७ चौरस मिलिमीटर × ०.०५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.३५ मायक्रोलिटर. त्याला १६.७ ने भागले की ०.०२१ सेकंद मिळतात. तो संपूर्ण ढवळला जातो असे धरले, म्हणजे सर्वांत वाईट स्थिती घेतली, तरी चढाचा वेळ ०.०५ सेकंदाच्या आतच राहतो.

आता विसरणाचा थर. भिंतीलगत द्रव जवळपास थांबलेला असतो, त्यामुळे पदार्थाला शेवटचे काही मायक्रोमीटर विसरणानेच पार करावे लागतात. थराची जाडी काढण्यासाठी लेव्हेकचे सूत्र वापरतात. आधी भिंतीवरचा वेगउतार काढायचा: सरासरी वेगाची सहा पट भागिले खाचेची उंची. आपल्या सेलमध्ये सरासरी वेग सेकंदाला ६.६७ सेंटिमीटर येतो आणि वेगउतार सेकंदाला ८०००. मग विसरण गुणांकाच्या वर्गाला वेगउताराने गुणायचे, इलेक्ट्रोडच्या लांबीने भागायचे, घनमूळ काढायचे आणि ०.८०७ ने गुणायचे. हा वस्तुमान-वहन गुणांक, सेकंदाला सुमारे ८४ मायक्रोमीटर. विसरण गुणांकाला याने भागले की थराची सरासरी जाडी मिळते: ७.७ मायक्रोमीटर.

या थरातून बदल पार व्हायला लागणारा विलंब म्हणजे जाडीचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची सहा पट. ५९.३ भागिले ३९००, म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद. लक्षात घ्या, सेल आणि विसरण मिळूनसुद्धा आपण अजून ०.०५ सेकंदाच्या आसपासच आहोत.

याच गुणांकातून धाराही मिळते, आणि ती काढून ठेवाच. १० मायक्रोमोलर फेरोसायनाइडसाठी सुमारे ०.५७ मायक्रोअँपिअर धारा यायला हवी. सेलमधून जाणाऱ्या पदार्थापैकी साडेतीन टक्केच ऑक्सिडाइझ होतो, बाकीचा तसाच पुढे जातो. प्रत्यक्षात धारा निम्मीच आली, तर गॅस्केटकडे वळण्याआधी थोडा विचार करा. धारा जाडीच्या दोन-तृतीयांश घाताने घटते, म्हणून ती निम्म्यावर यायला जाडी जवळजवळ तिप्पट व्हावी लागेल. त्यापेक्षा इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग मळलेला असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे.

पडदा लावलेल्या संवेदकांना, उदाहरणार्थ १९५६ च्या क्लार्क ऑक्सिजन इलेक्ट्रोडला, विलंबाचे हेच सूत्र लागते. तिथे जाडी पडद्याची घ्यायची. पडदा दुप्पट जाड केला की विलंब चौपट होतो.

नळी: जिथे पाठ्यपुस्तकातले सूत्र चुकीच्या जागी वापरले जाते

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे सावकाश जाऊ.

नळीतल्या पसरणाला बहुतेक जण टेलरचे सूत्र लावतात. त्यानुसार आकारमानातला व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) म्हणजे π × त्रिज्येचा चौथा घात × प्रवाह × लांबी, भागिले विसरण गुणांकाची २४ पट. आपले आकडे घातले तर प्रमाण विचलन सुमारे १२.८ मायक्रोलिटर, वेळेत ०.७७ सेकंद. गॉसी आकार धरला तर चढाचा वेळ याच्या २.५६ पट, म्हणजे जवळपास २ सेकंद.

गोम अशी की टेलरचे सूत्र लागू होण्यासाठी रेणूंना नळीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत विसरणाने अनेकदा ये-जा करता यायला हवी. त्यासाठी लागणारा वेळ त्रिज्येचा वर्ग भागिले विसरण गुणांक, इतक्या कोटीचा असतो. आपल्या नळीसाठी तो २४ सेकंद आहे. नमुना नळीत राहतो मात्र ९.८ मायक्रोलिटर भागिले १६.७, म्हणजे ०.५९ सेकंद. एवढ्या वेळात मध्यावरचा रेणू मध्यावरच राहतो आणि भिंतीलगतचा भिंतीलगत. थोडक्यात, इथे टेलरचे सूत्र लागूच होत नाही.

मग काय लागू होते? शुद्ध वहन. नळीतला वेग परवलयाच्या आकाराचा असतो आणि मध्यावर तो सरासरीच्या दुप्पट असतो. म्हणून पहिला नमुना सरासरी वेळेच्या निम्म्या वेळातच दुसऱ्या टोकाला पोहोचतो, आणि कडेचा नमुना रेंगाळत मागून येतो. संहतीच्या उडीला मिळणारा प्रतिसाद एका ओळीत मावतो: सरासरी वेळेच्या निम्म्यापर्यंत शून्य, त्यानंतर, १ वजा (सरासरी वेळ ÷ चालू वेळेची दुप्पट) चा वर्ग.

या सूत्रातून १० टक्के पातळी सरासरी वेळेच्या ०.५२७ पटीला आणि ९० टक्के पातळी १.५८ पटीला येते. फरक १.०५ पट, म्हणजे आपल्या नळीसाठी ०.६२ सेकंद. टेलरचे उत्तर याच्या तिपटीहून मोठे होते. विसरण गुणांक गुणिले नळीतला वेळ भागिले त्रिज्येचा वर्ग, हे गुणोत्तर एकाच्या जवळ किंवा वर असेल तर टेलर वापरा. ते एकाच्या शंभराव्या-विसाव्या भागात असेल, जसे इथे ०.०२५ आहे, तर शुद्ध वहन वापरा.

०.१२५ मिलिमीटर व्यासाची तेवढीच लांब नळी घेतली, तर आकारमान एक-चतुर्थांश होते आणि चढाचा वेळ ०.१६ सेकंदावर येतो. दाब मात्र सोळा पट वाढतो, पाण्यासारख्या द्रवासाठी सुमारे साडेपाच बार. ही नळी सेलच्या आधी असते, म्हणून हा दाब सेलवर पडत नाही. सेलनंतरच्या नळीच्या बाबतीत तसे नाही. ती जास्त बारीक केली तर गॅस्केटमधून गळती सुरू होते. तिथे किंचित मागचा दाब असणे चांगलेच, कारण त्यामुळे इलेक्ट्रोडवर बुडबुडे धरत नाहीत.

फिटिंगमधली ती एक मिलिमीटर

नळीचा बाहेरचा व्यास १.६ मिलिमीटर असतो. फेरूल (नळीभोवतीची कडी) आवळताना नळी तळापर्यंत टेकली नाही आणि १ मिलिमीटरची फट राहिली, तर तिचे आकारमान २ मायक्रोलिटर भरते. ही फट संपूर्ण सेलच्या पावणेसहा पट मोठी झाली. द्रव तिच्यात ढवळला जातो, म्हणून कालांक २ भागिले १६.७, म्हणजे ०.१२ सेकंद, आणि चढाचा वेळ ०.२६ सेकंद. नळी तळाशी दाबून धरूनच नट आवळा. एका फिटिंगसाठी आवळलेली फेरूल दुसऱ्या बनावटीच्या फिटिंगमध्ये घालू नका, कारण तिच्यापुढे राहणारी नळीची लांबी वेगळी असते.

वीज

दुहेरी थराची धारिता चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅरड धरली, तर आपल्या इलेक्ट्रोडची १.४ मायक्रोफॅरड. द्रावणाचा रोध १ किलोओहम असेल तर कालांक १.४ मिलिसेकंद. स्थिर विभवावर मोजताना हे सोडून दिले तरी चालते. विभव ठोक्याठोक्याने बदलत असाल तर सोडू नका, विशेषतः विद्युत अपघट्य (द्रावणात वीज वाहून नेणारा क्षार) विरळ असताना. तेव्हा रोध दहा पट सहज होतो.

फिल्टरचे गणित सोपे आहे. ०.१ सेकंदाचा फिल्टर ०.२२ सेकंद घेतो आणि १ सेकंदाचा २.२ सेकंद.

सगळे एकत्र करा

हाताने अंदाज काढायचा तर चढाच्या वेळांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. नळी ०.६२, फिटिंग ०.२६, सेल ०.०५, फिल्टर ०.२२: एकूण ०.७१ सेकंद. फिल्टर १ सेकंदावर ठेवला तर एकूण २.३ सेकंद, आणि त्यात बाकी सगळ्यांचा वाटा नावापुरता. माझे चार दिवस कुठे गेले, ते या एका आकड्यात दिसते. फिल्टर ०.१ वर ठेवून नळी बारीक केली की ०.३८. फिटिंगही नीट बसवले की ०.२७. आता कुठे सेलचा विचार करायला अर्थ आहे, आणि तोही फारसा नाही.

वर्गांची ही बेरीज काटेकोरपणे व्हेरियन्सलाच लागू होते. चढाच्या वेळेसाठी तो कामचलाऊ अंदाज आहे. शुद्ध वहनाच्या नळीची शेपटी इतकी लांब असते, की तिचा व्हेरियन्स गणिताने अनंत येतो. म्हणून नेमके उत्तर हवे असेल तर तक्ता करा. संगणकावरचे साधे तक्त्याचे सॉफ्टवेअर त्याला पुरते.

पहिल्या रकान्यात वेळ, २ मिलिसेकंदांच्या अंतराने, दीड हजार ओळी. म्हणजे ३ सेकंद झाले. दुसऱ्या रकान्यात वरचे नळीचे सूत्र. तिसऱ्यात फिटिंग, आणि त्याचे सूत्र असे: नवी किंमत = जुनी किंमत + (वेळेचे अंतर ÷ कालांक) × (मागच्या रकान्यातली किंमत − जुनी किंमत). चौथ्यात हेच सूत्र सेलच्या कालांकाने आणि पाचव्यात फिल्टरच्या कालांकाने. वेळेचे अंतर सर्वांत लहान कालांकाच्या दहाव्या भागाइतके ठेवा, नाहीतर उत्तरात चूक वाढत जाते. पाचवा रकाना म्हणजे तुमचा डिटेक्टर.

छोट्या इंजेक्शनचा प्रतिसाद हवा असेल, तर पाचवा रकाना इंजेक्शनच्या कालावधीइतका खाली सरकवून मूळ रकान्यातून वजा करा. साखळीतला प्रत्येक टप्पा रेषीय आहे, म्हणून हे चालते. ती अट टिकण्यासाठी विभव मर्यादित धारेच्या सपाट भागात, म्हणजे विभव वाढवूनही धारा वाढत नाही तिथे, असले पाहिजे. चढत्या भागात काम केले, तर विभव किंवा पृष्ठभाग जरा बदलला की धारा बदलते आणि मॉडेलला अर्थ उरत नाही.

आता प्रयोगाने तपासा

स्तंभ काढून टाका. वाहक द्रव ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. नमुना त्याच द्रवात विरघळवलेले १० मायक्रोमोलर फेरोसायनाइड. दोन्हींत अपघट्य सारखेच हवे, नाहीतर पायारेषाच उडी मारेल. ग्लासी कार्बनवर सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ०.६ व्होल्ट विभव पुरते. ५०० मायक्रोलिटरचा लूप (इंजेक्टरवरची नमुना भरून ठेवणारी नळी) लावा, म्हणजे ३० सेकंदांचे पठार मिळेल. फक्त पुढची, चढती कड वापरा. मागची कड पूर्ण लूपमधून पसरत आलेली असते.

मग प्रवाह बदलून तीनदा मोजा: ०.५, १ आणि २ मिलिलिटर. माझ्या उदाहरणात फिल्टर ०.१ वर असेल तर मॉडेल १.३७, ०.७१ आणि ०.४० सेकंद सांगते. फिल्टर १ वर असेल तर २.५८, २.३० आणि २.२३. आकडे नुसते वाचले तरी चोर कोण ते दिसते. प्रवाहाबरोबर वेळ बदलत असेल तर दोष आकारमानाचा. ढिम्म राहत असेल तर विजेचा. चढाच्या वेळेचा वर्ग उभ्या अक्षावर आणि प्रवाहाच्या वर्गाचा व्यस्तांक आडव्या अक्षावर घेऊन रेषा काढा. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो फिल्टरचा वर्ग, आणि उतार आकारमानाचा.

आकारमानाचा दोष नळीत आहे की फिटिंगमध्ये, हे शेपटी सांगते. पठारापर्यंत राहिलेल्या तुटीचा लॉगॅरिदम वेळेविरुद्ध मांडा. सरळ रेषा आली तर ढवळणारी पोकळी आहे. ती वाकडी आली आणि लॉग-वेळेविरुद्ध उणे दोन उताराची सरळ रेषा मिळाली, तर नळी.

हे आकडे कुठे उलटतात

मायक्रो-स्तंभांबरोबर प्रवाह मिनिटाला १० मायक्रोलिटर झाला, तर वरचा क्रम पालटतो. सेलचा ०.३५ मायक्रोलिटर आता २.१ सेकंद घेतो. विसरणाचा थर ३६ मायक्रोमीटर होतो, म्हणजे ५० च्या खाचेत तो जवळपास छतालाच टेकतो. लेव्हेकचे सूत्र इथे खरे मानू नका, कारण बहुतेक पदार्थ सेलमध्येच संपतो. इथे गॅस्केट पातळ करणे आणि इलेक्ट्रोड लहान करणे हाच उपाय आहे.

फ्लीट आणि लिटल यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या वॉल-जेट सेलमध्ये सेलचे एकूण आकारमान मोठे असले तरी प्रतिसाद वेगवान असतो, कारण ताजा द्रव झोताने थेट इलेक्ट्रोडवर आदळतो. तिथे धारा प्रवाहाच्या तीन-चतुर्थांश घाताने बदलते, पातळ थरात एक-तृतीयांश घाताने. म्हणून पंपाचा १ टक्का हेलकावा वॉल-जेटमध्ये ०.७५ टक्के दिसतो आणि पातळ थरात ०.३३. पंप जुना असेल तर मी पातळ थरच निवडतो.

सोन्याच्या इलेक्ट्रोडवर शर्करा मोजताना विभवाचा एक फेरा साधारण अर्ध्या सेकंदाचा असतो. सेकंदाला दोनच बिंदू मिळतात. शिखरावर २० बिंदू हवे असतील तर प्रमाण विचलन अडीच सेकंदांच्या खाली नको. अशा वेळी नळी कितीही बारीक केली तरी फायदा नाही.

फिल्टर किती ठेवायचा

व्हेरियन्समध्ये १० टक्के वाढ चालत असेल, तर कालांक शिखराच्या प्रमाण विचलनाच्या ०.३२ पटीपर्यंत ठेवता येतो. रुंदी तेव्हा ५ टक्केच वाढते. प्रमाण विचलन ३ सेकंद असलेल्या शिखराला ०.९५ सेकंद चालेल. ते १ सेकंद असेल तर ०.३२ च्या वर जाऊ नका. शिखराच्या प्रमाण विचलनाइतकाच कालांक ठेवला तर रुंदी १.४१ पट होते. क्षेत्रफळ तेव्हाही बदलत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा उंचीऐवजी क्षेत्रफळावरून मोजा. उलट बाजूने, पांढऱ्या (सर्व वारंवारतांत सारख्या) गोंगाटासाठी कालांक चौपट केल्यावर गोंगाट निम्माच होतो. चार पट मंदपणा देऊन दोन पट शांतता मिळते.

जुन्या नोंदींत फिल्टर मोठा राहून गेला असेल, तर शिखर काही अंशी परत मिळवता येते: मूळ धारा = नोंदलेली धारा + कालांक × नोंदीचा उतार. उतार काढताना गोंगाट वाढतो, म्हणून आधी पाच-सात बिंदूंची सरासरी घ्या, आणि दुरुस्त केलेल्या शिखराचे क्षेत्रफळ मूळ क्षेत्रफळाशी जुळते का ते तपासा. फिल्टर आणि फिटिंग यांच्यासाठीच हे सूत्र चालते. शुद्ध वहनाच्या नळीला एकच कालांक नसतो, त्यामुळे तिची शेपटी याने जात नाही; तिथे नळीच बदलावी लागते.